मागचा गळा

वहिनीच्या गिऱ्हाइकांपैकी एकही बाई गेल्या बावीस वर्षांत जाड झालेली नव्हती. निदान त्या बायकांचं तरी तसं ठाम मत होतं. खरी गोष्ट अशी, की कुणाची कंबर इंचभर वाढली की वहिनी तोंडातून अवाक्षर न काढता कापडात इंचभर जास्त सोडायची, आणि नवा ड्रेस अंगाला अगदी जुन्यासारखा बसायचा. बाई आरशात पुढून बघायची, मागून बघायची आणि म्हणायची, "बघ, माझं माप अजून तेच आहे." वहिनी दातात टाचण्या धरून "हो" म्हणायची. दातात टाचण्या असल्या की खोटं बोलणं सोपं जातं.

हे ती मनाने करत नव्हती. ज्या बाईंकडे ती शिवण शिकली, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माप घ्यायचं, मत द्यायचं नाही. गिऱ्हाइकाचं अंग आपण बघतो ते टेपपुरतं. टेप गुंडाळला की विसरायचं." झाकली मूठ सव्वा लाखाची, या एका म्हणीवर त्या बाईंनी चाळीस वर्षं धंदा केला होता. वहिनीनेही त्या शिकवणीची मनाशी खूणगाठ बांधली. कुणाच्या दंडावरचा वळ, कुणाच्या पोटावरची टाक्यांची खूण, कुणाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली, असं पुष्कळ काही तिने पाहिलं होतं. त्यातलं काहीच त्या खोलीबाहेर गेलं नव्हतं.

खोली रस्त्यालगतची, घराची पुढची. खिडकीपाशी शिवणयंत्र, मध्ये कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात पडदा लावून माप घ्यायची जागा. भिंतीवरच्या खिळ्यांना नेहमीच्या गिऱ्हाइकांची खाकी कागदाची कटिंग्ज टांगलेली असायची. प्रत्येकीच्या पाठीचा आणि पुढच्या भागाचा कागद, त्यावर पेन्सिलीच्या रेघा, रेघेशेजारी तारीख. गल्लीतल्या लहानमोठ्या सगळ्यांसाठी ती वहिनीच होती. फक्त एकच बाई तिला "शिंपीणबाई" म्हणायची, आणि ती म्हणजे तिची सख्खी थोरली नणंद.

ही नणंद, म्हणजे ताई, शाळेत खेळाची शिक्षिका होती. एकतीस वर्षं मैदानावर उन्हात उभं राहून तिने पोरांना पळवलं होतं. पोरं तिला मागून शिट्टीबाई म्हणायची आणि समोर सरळ रेषेत उभी राहायची. लग्न केलं नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची, पण भावाच्या घरात काय शिजतं, काय उसवतं, यावर तिचं बारीक लक्ष असायचं. तोंडाचा पट्टा सुरू झाला की वहिनीसुद्धा मशीन जोरात चालवायची, म्हणजे निम्मं ऐकू येत नसे.

तर अशी ही ताई एका रविवारी सकाळी निळं रेशमी कापड घेऊन आली. दीड महिन्याने ती निवृत्त होणार होती आणि शाळेत निरोपाचा कार्यक्रम होता.

"शिंपीणबाई, असा ड्रेस शिव की त्या मुख्याध्यापकाला माझी ट्रॅकपँट आठवता कामा नये," ती म्हणाली आणि पडद्यामागे जाऊन पाठमोरी उभी राहिली.

वहिनीने खिळ्यावरून तिचं कटिंग काढलं. ताईच्या पाठीच्या कागदावर एक गंमत होती. नऊ वर्षांपूर्वी ताईने सांगितलं होतं, "मागचा गळा असा घे, की मानेखालचा तीळ दिसणार नाही. पोरं मागे बसून तेच मोजतात." म्हणून वहिनीने कागद पाठीला लावून, तीळ येतो तिथे मसुराएवढं भोक पाडून ठेवलं होतं. त्या भोकाच्या वर एक बोट जागा सोडून गळ्याची रेघ मारायची, की काम झालं.

तिने कागद पाठीला लावला. भोकात तीळ दिसला, बरोबर. पण भोकात नुसता काळा रंगच दिसत होता, तिळाची कड कुठेच दिसत नव्हती. तिने कागद थोडा सरकवला. तीळ भोकाच्या चारही बाजूंनी बाहेर गेला होता, वरच्या अंगाला जास्त. कड वेडीवाकडी, टीपकागदावर शाई फुटते तशी. एका बाजूला तपकिरी, दुसऱ्या बाजूला काळा, मध्येच करडा.

मग तिची नजर कागदावरच्या रेघांवर गेली. गळ्याची पहिली रेघ नऊ वर्षांपूर्वीची. त्या रेघेवर पाच-सहा ड्रेस झाले होते. तिच्या वर दुसरी रेघ, तीन वर्षांपूर्वीची. तिच्या वर तिसरी, दोन वर्षांपूर्वीची. आणि गेल्या वर्षीची चौथी, सगळ्यांत वर, शेजारी वहिनीच्याच अक्षरात, "गळा अर्धं बोट वर."

दर वेळी तिने तीळ पाहिला होता. दर वेळी तो जुन्या गळ्यातून डोकावतोय हे तिच्या हाताला कळलं होतं, आणि हाताने निमूटपणे रेघ वर सरकवली होती, कंबरेला इंच सोडावा तशी. टेप गुंडाळला होता आणि ती विसरली होती.

"काय गं, उभ्या उभ्या झोप लागली का?" ताई म्हणाली.

वहिनीने दातांतल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या.

"ताई, तुमचा तीळ वाढलाय."

"वाढू दे. माझा एकटीचा आहे, त्याला शाळेत घालायचं नाहीये."

"चेष्टा नको. रंगही बदललाय. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू या."

ताई गर्रकन वळली. "तुला मी माप घ्यायला सांगितलं. मला शाळेतून काढताहेत, जगातून नाही. गळा वर घे आणि मोकळी हो."

याआधी असं कुणी बोललं असतं तर वहिनीने गळा वर घेतला असता. त्या सकाळी तिने निळ्या कापडाची घडी घातली, ते कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली कनवटीला खोचली.

"आधी डॉक्टर, मग कात्री," ती म्हणाली.

"माझं कापड आहे ते."

"कापड तुमचं, कात्री माझी."

आतल्या खोलीतून वहिनीचा नवरा चहाचा कप हातात घेऊन दारात आला. बायको आणि बहीण यांच्या मध्ये तीस वर्षं राहून तो हवामान ओळखायला शिकला होता. "मी काय म्हणतो," एवढंच त्याने म्हटलं, आणि दोघी एकदम म्हणाल्या, "तू गप्प बस", "तुम्ही गप्प बसा." तो कप घेऊन परत गेला. ताईही तणतणत गेली. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिचा निरोप आला, बुधवारी साडेचारला चल, एकदाचा तुझा हट्ट पुरा कर.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. एकमेकींना जोडलेल्या खुर्च्यांच्या दोन रांगा, हातात नंबराची चिठ्ठी, भिंतीवर उन्हापासून कातडी कशी जपावी याचं चित्र. ताई त्या चित्राकडे पाठ करून बसली. पाच मिनिटांत तिला दिसलं की अकरा नंबरवाला सातच्या आधी बसलाय. दहा मिनिटांत तिने सगळ्या पेशंटांना नंबरवार बसवलं होतं आणि एका गृहस्थांना ताठ बसायला लावलं होतं. स्वागताला बसलेली मुलगी आ वासून बघत होती. वहिनी मात्र ताईच्या हाताकडे बघत होती. चिठ्ठीची सुरनळी होऊन तिचा पार चोळामोळा झाला होता. ताई घाबरली की शिस्त लावायला लागते, हे वहिनीला तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि तिला आपल्या नणंदेची फार माया आली.

डॉक्टर वयाने मध्यम, बोलायला सावकाश. त्यांनी दिव्याचं भिंग पाठीला टेकवलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग मिलिमीटरची पट्टी लावली.

"हा किती दिवसांपासून वाढतोय?"

"मला पाठीला डोळे नाहीत," ताई म्हणाली.

"अंदाजे?"

वहिनीने पिशवीतून खाकी कागदाची गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. डॉक्टरांनी चष्मा वर केला. "हे काय आहे?"

"यांच्या पाठीचं कटिंग. हे भोक म्हणजे नऊ वर्षांपूर्वीचा तीळ. तेव्हा एवढाच होता, मी कडेकडेने पेन्सिल फिरवून पाडलंय."

"तुम्ही यांच्या कोण?"

"शिंपीण आहे माझी," ताईने परस्पर उत्तर दिलं.

डॉक्टरांनी भोकावर पट्टी ठेवली, आकडा लिहिला. मग त्यांचं बोट वर सरकलं. "आणि या रेघा? ही, ही आणि ही?"

आता इकडे आड, तिकडे विहीर. वहिनीने मान खाली घातली.

"मागच्या गळ्याच्या. तीळ झाकला जात नव्हता, म्हणून गळा वर घेत गेले. तारखा शेजारी आहेत."

ताई हळूच मान वळवून तिच्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी मोबाइलवर कागदाचे फोटो काढले. "लोक येऊन सांगतात, बरेच दिवस आहे, थोडा वाढला असेल. अशी नोंद मला आजवर कुणी आणून दिली नव्हती. काही वेळा आम्ही फोटो काढून तीन महिन्यांनी पुन्हा बघतो. पण हा कागद पाहिल्यावर थांबण्यात अर्थ नाही. परवाच काढू आणि तपासायला पाठवू. जागेवरच बधिर करायचं, पंधरा-वीस मिनिटांचं काम. काय निघेल ते आज मी सांगू शकत नाही. साधंही असू शकतं, वाईटही."

जिना उतरताना ताई मधल्या पायरीवर थांबली.

"म्हणजे तुला तीन वर्षं माहीत होतं."

"माहीत नव्हतं, ताई. दिसत होतं."

"दिसत होतं आणि माहीत नव्हतं. हे कसं काय जमतं माणसाला?"

"माझं कामच ते आहे," वहिनी म्हणाली, आणि तिला रडू आलं. ताई तिची वाट न बघता खाली उतरून गेली.

शुक्रवारी तीळ काढला. पाच टाके पडले. तुकडा बाटलीतून तपासणीला गेला आणि अहवालाला दहा दिवस लागणार होते. ताईने वहिनीशी बोलणं टाकलं. पण अडचण अशी होती की पट्टी रोज बदलायची होती, जखम मानेखाली पाठीवर होती, आणि ताईचा हात काही तिथपर्यंत पोचत नव्हता. शेजारणीला सांगायचं म्हणजे गावभर झालं. त्यामुळे रोज सकाळी शाळेआधी ताई यायची, स्टुलावर पाठ करून बसायची, कॉलर खाली ओढायची आणि भिंतीवरच्या कटिंग्जकडे बघत राहायची. वहिनी हात धुऊन जुनी पट्टी काढायची, औषध लावायची, नवी पट्टी चिकटवायची. "झालं," एवढंच म्हणायची. ताई उठून जायची. रागावलेली दोन माणसं इतकी जवळ आणि इतकी गप्प बसलेली त्या घराने पाहिली नव्हती. नवरा दोघींचा चहा करून ठेवायचा आणि कुणाला देऊ हे न कळून स्वतःच प्यायचा.

वहिनीचं कामात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या ड्रेसला तिने दोन्हीकडे डावीच बाही जोडली. उसवता उसवता तिला वाटायचं, अहवाल वाईट आला तर या तीन रेघा मी मारल्यात. पहिलीच रेघ वर घेताना तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं? एक गिऱ्हाईक रुसलं असतं, तेही घरचंच.

सहाव्या दिवशी पट्टी काढताना तिने टाके नीट पाहिले. एकसारखे, सरळ, गाठ बाजूला. "चांगला हात आहे डॉक्टरांचा," ती स्वतःशीच पुटपुटली.

"मला रक्त यायचं," ताई भिंतीकडे बघत म्हणाली.

वहिनीने औषधाचा कापूस खाली ठेवला.

"गेल्या आठ महिन्यांत चार-पाच वेळा. शिट्टीची दोरी तिथे घासायची. शर्टाला आतून ठिपका पडायचा. मी थंड पाण्यात भिजवून साबण लावायचे. डाग निघाला की म्हणायचे, चला, काही नाही."

"कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला बोलणार? घरात भिंती आहेत." ताईने नाक ओढलं. "तू गळा वर घेत होतीस आणि मी डाग धूत होते. मग तुझ्यावर एकटीवर कशाला रागावू? सहा दिवस झाले, मला ते धड जमतही नाहीये."

वहिनीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ताईने तो झटकला नाही. तेवढ्यात नवऱ्याने चहा आणला, तीन कप, आणि या खेपेला कुणी त्याला गप्प बसायला सांगितलं नाही.

अहवालाच्या दिवशी ताईने दवाखान्यात कुणालाही शिस्त लावली नाही. ती वहिनीचा हात धरून बसली होती. इतका घट्ट, की वहिनीची कात्री धरायची बोटं बधिर झाली.

डॉक्टरांनी आडवळणाने सांगितलं नाही. "हा कॅन्सर आहे. मेलानोमा म्हणतात त्याला." ताई ताठ बसून होती. "पुढे बोला," ती म्हणाली.

"पुढचं चांगलं आहे. तो कातडीच्या अगदी वरच्या थरात सापडला. खाली उतरलेला नाही. त्या जागेच्या भोवतीची थोडी कातडी आणखी काढायची, म्हणजे कडेला काही उरलं असेल तर तेही जाईल. त्यानंतर दर काही महिन्यांनी सगळं अंग तपासायचं, आणि उन्हात अंग झाकायचं. एवढ्यावर तुमचं भागेल, असं मला वाटतं."

"तेवीस तारखेला माझा निरोपाचा कार्यक्रम आहे. मी असेन का?"

"त्या तेवीस तारखेला असाल, आणि पुढच्या पुष्कळ तेवीस तारखांना असाल."

वहिनीचा जीव भांड्यात पडला आणि डोळ्यांतून पाणी. भोवतीची जास्तीची कातडी कशाला, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. काठाला कुरतडलेलं कापड तीही खराब भागाच्या बरंच बाहेरून कापायची.

"आणि महिन्यातून एकदा घरच्या कुणीतरी यांची पाठ नीट बघायची," डॉक्टर म्हणाले. "आहे का कुणी?"

"ही बघेल," ताई म्हणाली. "भावजय आहे माझी."

पुढच्या आठवड्यात भोवतीची कातडी काढली. नवे टाके पडले, पट्ट्या बदलल्या, टाके निघाले. दुसरा अहवालही आला, कडा स्वच्छ होत्या. मैदानावर ताई आता कॉलरचा लांब बाह्यांचा शर्ट आणि टोपी घालून जायची आणि टोपी न घातलेल्या पोरांना दोन फेऱ्या जास्त पळवायची. ते बघून एक पालक म्हणाले, की बाई जाता जाता जास्तच कडक झाल्या. कार्यक्रमाला आठ दिवस उरले, तेव्हा वहिनीने कनवटीची किल्ली काढून कपाट उघडलं. निळं कापड टेबलावर पसरलं. ताई पडद्यामागे पाठमोरी उभी राहिली. मानेखाली दोन बोटं लांब गुलाबी खूण होती, सरळ, स्वच्छ.

वहिनीने कागद पाठीला लावला. भोकातून आता नुसती कातडी दिसत होती.

"मागचा गळा कुठे घेऊ?"

"पहिल्या रेघेच्या खाली घे. चांगला खाली."

"खूण दिसेल, ताई. सगळी शाळा मागे बसलेली असणार."

"दिसू दे. कुणी विचारलं तर सांगेन. माझ्या पाठीला तुझेच डोळे आहेत, तेव्हा त्यांच्या आड आता कापड नको."

वहिनीने जुन्या चारही रेघा खोडरबराने पुसल्या. कागदाला भोकाशी थोडा चुरा जमला, तो फुंकरीने उडवला. खाली नवी रेघ मारली आणि तारीख घातली. मग खांदे मोजले, बाही मोजली. मग टेप कंबरेभोवती घेतला, आकडा बघितला, आणि बावीस वर्षांच्या सवयीने तोंड मिटूनच वहीकडे वळली. पेन्सिल टेकवली आणि थांबली.

"ताई, कंबर दीड इंच वाढलीय."

आतल्या खोलीत वर्तमानपत्राची पानं उलटायचा आवाज बंद झाला. ताई पडद्याच्या फटीतून खिडकीबाहेर बघत उभी राहिली. समोरच्या घराच्या गॅलरीत कुणीतरी चादर झटकत होतं, ते तिने संपेपर्यंत पाहिलं.

"टेप नीट धर," शेवटी ती म्हणाली. "आणि खरं सांग."

वहिनीने टेप पुन्हा लावला, कंबरेवर सारखा केला आणि वाकून बघितलं.

"पावणेदोन," ती म्हणाली.